वारा मोजायला चला

दोन स्वेटर घातलेत? तिसराही चढवा. लोकरी मोज्यांच्या दोन जोड्या, कानटोपी, हातमोजे, आणि सगळ्यांवर एक जाड कोट. कसे दिसाल याची काळजी नको. जिथे चाललोय तिथे तुमच्याकडे बघायला कुणाला फुरसत नाही. मोबाइल मात्र घरी ठेवा. रेंजचं तर सोडाच, पण चुकून हवामानाचं ॲप उघडून दाखवलंत तर ती मंडळी तुमच्याकडे ज्या नजरेने पाहतील ती तुम्हाला सोसायची नाही. तुम्हाला अंगठ्याखाली जे आयतं मिळतं, तेच एकेक आकडा वेचून गोळा करायला ही पोरं डोंगराच्या डोक्यावर जाऊन बसली आहेत. हवामानाचं वेड असलेली माणसं तुमच्या ओळखीत असतीलच. जून उजाडला की दर अर्ध्या तासाने गच्चीत जाऊन ढग बघणारे काका, पाऊस मोजायची नळी विकत घेऊन अंगणात रोवणारी मावशी. ही माणसं त्याच जातीची, फक्त चार इयत्ता पुढची.

साल १९३४, महिना एप्रिल. एवढं सांगून कॅलेंडर बाजूला ठेवतो. यापुढे लागेल ते फक्त घड्याळ.

जागा आहे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या न्यू हॅम्पशरमधला माउंट वॉशिंग्टन. उंची १,९१७ मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईहून पावणेतीनशे मीटर जास्त. एवढंच ना, असं मनात आलं असेल. इथे जीव गमावलेल्या अनेकांच्याही मनात तेच आलं होतं. अमेरिकेवरून पूर्वेकडे सरकणारी बरीचशी वादळं या कोपऱ्यातून समुद्राकडे निघतात, आणि त्यांच्या वाटेत ही डोंगररांग आडवी उभी आहे. हवेला बाजूने जायला वाव नाही, मग ती उतारावरून वर दाबली जाते आणि माथ्यावरून सुसाट सुटते. पायथ्याशी वसंत लागलाय, ओढ्यांचं पाणी वाहायला लागलंय. वर अजून हिवाळ्याने मुक्काम हलवलेला नाही.

चढण गाळू. तासन्‌तास धापा टाकल्याचं वर्णन वाचण्यात मजा नसते आणि लिहिण्यात त्याहून नसते. तुम्ही थेट माथ्यावर उभे आहात, सकाळची वेळ आहे, आणि खरं सांगायचं तर तुमची थोडी फसगत झाल्यासारखं वाटतंय. कारण हवा स्वच्छ आहे. ऊन आहे. पूर्वेला क्षितिजापाशी एक लखलखती रेघ दिसते, तो अटलांटिक महासागर. वादळ बघायला म्हणून आलात आणि इथे सहलीची हवा! जरा थांबा.

आधी घर बघून घ्या, कारण पुढचे दीड दिवस तुम्हाला त्याच्याबाहेर पडावंसं वाटणार नाही. एकमजली, लाकडी. उन्हाळ्यात डोंगरावर गाड्या आणणाऱ्या कंपनीचं हे ऑफिस. त्याच्या छपरावरून जाडजूड लोखंडी साखळ्या टाकल्या आहेत आणि त्यांची टोकं दोन्ही बाजूंना खडकात ठोकली आहेत. होय, घर साखळदंडाने बांधलंय. तुम्ही हसलात तर हसून घ्या. उद्या दुपारी त्या साखळ्यांची कडी न्‌ कडी मनातल्या मनात मोजाल.

आत शिरलात की पहिली भेट वासाची. कोळसा, ओली लोकर, कढत ठेवलेली कॉफी, रॉकेल, आणि या सगळ्यांत मिसळलेला मांजरांचा वास. मांजरं इथली कायमची रहिवासी आहेत आणि शेगडीजवळची जागा त्यांचीच, हे तुम्हाला कुणी न सांगता पहिल्या पाच मिनिटांत कळेल. शेगडीच्या बाजूने तुमचा गाल भाजतो आणि त्याच वेळी भिंतीच्या बाजूचा कान बधिर होतो. पाणी हवंय? बादली घ्या, बाहेरून बर्फ भरून आणा, शेगडीवर ठेवा आणि वाट बघा. गच्च भरलेल्या बादलीतून हाती येणारं पाणी पाहून पहिल्यांदा वाटेल कुणीतरी मधेच प्यायलं. अंघोळीचा विषय काढू नका. कुणीच काढत नाही.

माणसं पाच. साल्वातोर पाग्लिउका, सगळे त्याला साल म्हणतात, इटलीत जन्मलेला इंजिनिअर. ॲलेक्स मॅकेन्झी, ज्याचा जीव रेडिओत. वेंडेल स्टीफन्सन. आणि दोन पाहुणे, जे तुमच्यासारखेच वर आलेत आणि आता जाऊ शकणार नाहीत. सहावे तुम्ही. एवढ्याशा जागेत सहा माणसं, त्यांचे बारा बूट, दोऱ्यांवर वाळत घातलेले मोजे आणि मांजरं. कुणाला पाय लांब करायचे झाले तर दुसऱ्याला आखडावे लागतात. मुंबईतल्या चाळीत वाढला असाल तर तुम्हाला शिकवायला नको.

ही वेधशाळा चालू होऊन जेमतेम दीड वर्ष झालंय. एकोणिसाव्या शतकात इथे सैन्याच्या सिग्नल खात्याची माणसं हवामान नोंदवत, पण ते ठाणं १८९२ मध्ये बंद पडलं. मग १९३२ च्या शरद ऋतूत साल, ॲलेक्स आणि त्यांच्या दोन मित्रांनी ते पुन्हा सुरू केलं. त्या मित्रांपैकी एक बॉब मोनाहन, दुसरा जो डॉज; तो खाली पिंकहम नॉच नावाच्या खिंडीत गिर्यारोहकांचा तळ सांभाळतो. पगाराच्या मोहाने इथे कुणी आलेलं नाही, हे दोऱ्यावरच्या मोज्यांची ठिगळं बघून कळतंच.

आता कामाला लागा. फुकट बसणाऱ्याला इथे ठेवत नाहीत. कोळसा आत आणायचाय, भांडी घासायचीत, आणि ठरल्या वेळी कुणीतरी बाहेर जाऊन तापमान, ढग, दृष्टीचा टप्पा बघून यायचंय. मग नोंदवही. नोंदवहीचा नियम साधा आहे. वेळ झाली की लिहायचं. पोट दुखत असो, जेवण अर्ध्यावर असो, वेळ म्हणजे वेळ. आपल्याकडे सोवळ्यातल्या स्वयंपाकाला जी शिस्त असायची ती इथे पेन्सिलीला आहे.

दुपारी ढग येतात. येतात म्हणजे वरून उतरत नाहीत, तुम्हीच त्यांच्या पोटात सापडता. समुद्राची रेघ पुसली जाते, मग शेजारचा डोंगर जातो, मग माथ्यावरच्या हॉटेलची इमारत, मग तुमचा स्वतःचा पुढे केलेला हात. आणि इथे तुम्हाला पहिल्यांदा तो विचित्र बर्फ भेटतो ज्याला हे लोक राइम म्हणतात. धुक्याचे थेंब शून्याच्या खाली जाऊनही पाणीच राहिलेले असतात. ते कशाला आदळले की त्याच क्षणी गोठतात. खांब, दोरी, साखळी, तुमची भुवई, काहीही चालतं. एकावर एक थर चढत जातो आणि पिसांच्या आकाराचा पांढरा बर्फ तयार होतो. गंमत अशी की तो वाऱ्याच्या विरुद्ध वाढतो. वारा आग्नेयेकडून येतोय तर पिसांची टोकं आग्नेयेकडेच. म्हणजे वारा कुठून येतोय हे बघायला वातकुक्कुटाची गरज नाही, खांबाकडे बघा. एक पीस मोडून तोंडात टाका. चव नाही, पण दाताखाली कुरकुर छान वाजते.

काय घडतंय ते साल आणि ॲलेक्सला कळलेलं आहे, निदान अर्धंमुर्धं. उपग्रह नाहीत, रडार नाही. पश्चिमेला पंचमहासरोवरांवर हवेचा दाब उतरलाय, खाली किनाऱ्यालगत आणखी एक कमी दाबाचा पट्टा उठलाय, आणि तिकडे अटलांटिकवर जास्त दाब ठाण मांडून बसलाय, हटायला तयार नाही. दोन पैलवानांच्या कचाट्यात मधली हवा. ती उत्तरेकडे पळणार, आणि वाटेत हा डोंगर. घरात बसून यातलं जेवढं बोटाने दाखवता येतं ते बॅरोमीटरवर. पारा उतरतोय. तुम्ही पहिल्यांदा बघता, मग थोड्या वेळाने पुन्हा, मग काही कारण नसताना पुन्हा. झालं, लागण झाली तुम्हाला.

संध्याकाळी जेवताना वाऱ्याने ताशी शंभर मैलांचा टप्पा ओलांडला. भारतीय हिशेबात एकशे साठ किलोमीटर. श्रीवर्धन-दिवेआगरकडचे कुणी वाचत असतील तर त्यांना २०२० चं ‘निसर्ग’ चक्रीवादळ आठवेल. त्या दिवशी ताशी एकशेदहा-एकशेवीस किलोमीटरच्या वाऱ्याने सुपारीच्या बागाच्या बागा आडव्या केल्या होत्या. इथे एकशे साठला कुणी ताटावरून उठलंसुद्धा नाही. उलट तुमच्या लक्षात येईल की मंडळी खुशीत आहेत. ही खुशी लपवायचा प्रयत्नही कुणी करत नाही. चार वेड्यांच्या घरात शहाण्याला जसं वाटावं तसं तुम्हाला वाटतंय, पण एक झोत भिंतीवर आदळतो, वाऱ्याच्या नोंदयंत्राचं पेन उडी मारतं, आणि तुमच्याच तोंडून ‘अजून!’ निघून जातं.

झोपायचा प्रयत्न करा. येणार नाही झोप, पण करा. आवाजाचं कसं सांगू? लोणावळ्याच्या घाटात गाडी बोगद्यात शिरते आणि दारात उभं असलं की कान फाटतात ना, तोच आवाज, फक्त बोगदा संपत नाही. तासामागून तास तीच गाडी. मधेच झोत येतो आणि कानात दडे बसतात, कारण घरातल्या हवेचा दाबच क्षणात बदलतो. बॅरोमीटरमधला पारा अशा वेळी नुसता नाचतो, वर-खाली, वर-खाली, वाचणाऱ्याने कुठला आकडा धरायचा? चिमणीतून वारा शेगडीचा जाळ ओढून घेतो, निखारे पांढरेफटक होतात. दुसऱ्या झोताला तोच धूर उलटा आत, आणि सगळे खोकायला लागतात. पांघरुणात पायाशी एक मांजर येऊन बसलंय. त्याला तुम्ही आवडलात असं समजू नका. तुमचे पाय गरम आहेत.

पहाटे चारच्या सुमाराला स्टीफन्सन नोंदयंत्रापुढे उभा आहे. यंत्र सांगतंय ताशी १०५ मैल. आणि इथे, वाचकहो, खरा हवामानवेडा आणि आकडा वाचणारा कारकून यांतला फरक बघून घ्या. कारकुनाने १०५ लिहून पांघरूण ओढलं असतं. स्टीफन्सन मात्र कान देऊन ऐकतोय. हा आवाज १०५ चा नाही. बाहेरचा वारा त्याहून बराच जास्त आहे. मग यंत्र कमी का सांगतंय? त्याच्यावर बर्फ चढलाय, ते जड झालंय.

इथलं ॲनिमोमीटर, म्हणजे वारा मोजायचं यंत्र, साधं नाही. साध्या वाट्यांचं यंत्र या राइममध्ये तासाभरात बर्फाचा गोळा होऊन बसतं, म्हणून खास या डोंगरासाठी विजेने आतून तापणारं, जाडजूड यंत्र बनवून घेतलंय, आणि ते बोस्टनजवळच्या एमआयटीच्या वाऱ्याच्या बोगद्यात तपासून आणलंय. तरीही आज बर्फ जिंकतोय. तेव्हा कुणीतरी छपरावर जाऊन तो बर्फ फोडायला हवा.

कुणीतरी म्हणजे स्टीफन्सन. तो कपडे चढवतो, एक लाकडी दांडकं हातात घेतो. तुम्ही कंदील धरा. दार उघडल्यावर काय होईल त्याची कल्पना असावी म्हणून सांगतो, श्वास आत ओढून ठेवा, कारण त्या झोतात तोंड उघडलं तर हवा आपोआप आत कोंबली जाते आणि बाहेर सोडता येत नाही. उघडलं. स्टीफन्सन पाऊल टाकतो आणि थेट पाठीवर आपटतो. एक पाऊल, एवढीच मजल! तुमच्या हातातला कंदील कधी विझला ते कळलंसुद्धा नाही. अंधार, पांढरा अंधार, तोंडावर वाळूसारखे टोचणारे कण.

तो उठतो. पुन्हा जातो. घराच्या भिंतीला लावलेल्या शिडीवर चढतो. वारा त्याला शिडीवरच दाबून धरतोय, त्यामुळे पडायची भीती कमी, पण पुढचा पाय उचलायचा तर सगळ्या वाऱ्याशी भांडून उचलावा लागतो. एका हाताने शिडी कवटाळून दुसऱ्या हाताने तो यंत्रावरचा बर्फ ठोकतोय. ठक्‌. ठक्‌. खाली दाराशी तुम्हाला ते ऐकू येत नाही, पायाखालच्या फळीतून जाणवतं. काम झाल्यावर त्याने दांडकं सोडून दिलं, आणि ते खाली पडलं नाही. आडवं निघालं आणि धुक्यात नाहीसं झालं. ते कुठे उतरलं कुणास ठाऊक.

आत आल्यावर त्याच्या कोटावर इतका बर्फ आहे की तो वाकू शकत नाही. तुम्ही बटणं काढायला मदत करा. बोटं त्याची थरथरतायत, तुमचीही. आणि मग दोघंही एकदमच नोंदयंत्राकडे वळता. १५० मैल. आता ते खरं बोलतंय.

सकाळ होते असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. खिडकीच्या काळ्या काचेचा रंग राखाडी होतो, एवढंच. काचेवर बाहेरून बर्फाचा जाड थर आहे. छपरावर आहे, भिंतींवर आहे, साखळ्यांवर आहे. घर बर्फाच्या कवचात गेलंय, आणि माझ्या मते काल रात्री घराला वाचवलं त्यात त्या कवचाचा वाटा साखळ्यांपेक्षा कमी नाही. फटीच उरल्या नाहीत, वारा बोट घालणार कुठे? न्याहारी होते. भांडी घासायची पाळी तुमची. होय, आजसुद्धा. गरम पाण्यात हात घातल्यावर बोटांत मुंग्या येतात, आणि क्षणभर सगळ्या जगातली सगळ्यात सुखाची जागा ती परात वाटते.

ॲलेक्सने रेडिओ लावलाय. पाच मीटरच्या लहरींवर हे लोक दक्षिणेला मॅसॅच्युसेट्समधल्या ब्लू हिल वेधशाळेशी बोलतात. ती इथून शे-दीडशे मैलांवर. तिथले प्रमुख चार्ल्स ब्रुक्स, अमेरिकेच्या हवामानशास्त्र संस्थेचे संस्थापक आणि या डोंगरावरच्या वेड्यांचे पाठीराखे. घरघर, खरखर, मधेच शिट्टी, आणि मग कोरड्या गावातल्या गरम खोलीत बसलेल्या माणसाचा आवाज. तुमच्या पोटात काहीतरी हलतं. चोवीस तासांत पहिल्यांदा आठवलं की या घराबाहेर जग आहे. इकडून आकडे जातात, तिकडून विचारणा येते. एका वादळाच्या दोन टोकांना बसून ही माणसं त्याच्यावर डोळा ठेवून आहेत. गप्पांचा हा छंद तुम्हाला ओळखीचा वाटेल. पाऊस पडायला लागला की ठाण्याचा माणूस पुण्याच्या माणसाला फोन करून ‘तुमच्याकडे किती?’ विचारतो, तोच.

अकरा. बारा. आता आकडे वाचायची पद्धत बदलते, आणि इथे जरा सरकून बसा, कारण सगळा खेळ इथेच आहे.

यंत्रातून ठरावीक अंतराचा वारा गेला की तारेतून एक ठोका येतो आणि टेबलावर टक्‌ असा आवाज होतो. तीन ठोके म्हणजे मैलाचा दहावा भाग. शांत दिवशी दोन ठोक्यांच्या मधे तुम्ही चहाचा घोट घ्याल. आज ते टक्‌टक्‌टक्‌टक्‌ चाललंय, थांबतच नाही. नुसतं पेनने कागदावर उमटणारं मोजून चालणार नाही, कारण ते सरासरी सांगतं, आणि यांना हवाय तो एकेका झोताचा वेग. म्हणून सालच्या हातात स्टॉपवॉच आहे. ठोका ऐकायचा, घड्याळ दाबायचं, तीन ठोके मोजायचे, पुन्हा दाबायचं. लागलेला वेळ तक्त्यात बघायचा. तक्ता म्हणजे त्या वाऱ्याच्या बोगद्यात यंत्राच्या खोडी तपासून काढलेला आलेख. प्रत्येक यंत्राला स्वतःची सवय असते, ते थोडं जास्त सांगतं किंवा थोडं कमी. त्याची सवय वजा केल्याशिवाय आकडा वहीत जात नाही.

साडेबाराच्या जवळपास २०० मैलांच्या पलीकडचे झोत यायला लागतात. मग २२९. खोलीत कुणी बोलत नाही. बोलून उपयोगही नाही, ऐकू येणार नाही. पाहुण्यांपैकी एकाने कोळशाचं घमेलं हातात धरलंय आणि ते शेगडीत ओतायचं तो विसरलाय. भिंत हलतेय का? तळवा टेकवून बघा. हलत नाही, गुणगुणते. तुमच्या दातांत जाणवतं ते. घाम आलाय, एवढ्या थंडीत, कारण तुम्ही गेला अर्धा तास शेगडीला पाठ लावून बसलात आणि उठायचं सुचलं नाही.

दुपारी १ वाजून २१ मिनिटं. साल घड्याळ दाबतो. टक्‌टक्‌टक्‌. पुन्हा दाबतो. मधे गेला सेकंद, फार तर दीड. ‘एक’ म्हणायलाही पुरेसा नाही. तो पुन्हा वेळ घेतो. पुन्हा तेवढाच. तक्त्यावर बोट सरकतं.

ताशी २३१ मैल. ३७२ किलोमीटर.

नुसता आकडा ऐकून काही होत नाही, म्हणून हिशेब करा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ‘निसर्ग’च्या वाऱ्यापेक्षा वेग तिप्पट म्हणजे जोर तिप्पट नव्हे, नऊपट. डोंगरावर हवा जरा विरळ, तेवढं कमी धरा, तरी सात-आठ पट. आणि त्या जोरात, साखळ्यांनी बांधलेल्या एका लाकडी खोलीत, कॉफीच्या मगापासून दोन हातांवर तुम्ही बसलेले आहात.

जल्लोष होईल असं तुम्हाला वाटलं ना? साल त्या वेळी जे वाटलं ते नंतर लिहून ठेवणार आहे, आणि त्यात पहिली गोष्ट आहे ती शंका. लोक विश्वास ठेवतील का? मग प्रश्नांची रांग. माझी वेळ बरोबर होती ना? घड्याळ बरोबर आहे ना? पद्धत? तक्ता? ही शंका लटकी नाही. मोजायचा वेळच सेकंद-दीड सेकंदाचा. त्यात अंगठा दहाव्या हिश्शाने चुकला तरी उत्तर कितीतरी मैलांनी इकडचं तिकडे होतं. म्हणून तर त्याने दुसऱ्यांदा मोजलं. छाती दडपून टाकणारा आकडा समोर आला की तो साजरा करायच्या आधी त्याला उलटं-सुलटं करून बघणारी माणसं मला फार आवडतात. आपल्याकडे कमी दिसतात. गल्लीत पाणी तुंबलं की ‘शंभर वर्षांत असा पाऊस झाला नाही’ म्हणणारे मात्र दर पावसाळ्यात भेटतात.

हे सगळं दहा मिनिटांत घडतं, आणि लगेच वेळ झाली म्हणून कुणीतरी नेहमीच्या नोंदी घ्यायला उठतो. तापमान, दाब, धुकं. घमेलं हातात घेऊन उभ्या असलेल्या पाहुण्याला जाग येते, कोळसा शेगडीत पडतो. मांजर जागा बदलतं. रेडिओवरून आकडा ब्लू हिलला जातो. तुमच्या पोटात भुकेने खड्डा पडलाय हे तुम्हाला आत्ता कळतंय. जेवण काय आहे विचारू नका, डबा उघडून गरम केलेलं जे असेल ते. त्याहून चविष्ट काही तुम्ही कधी खाल्लेलं नाही.

दुपार उतरते तसा वाराही उतरतो. शंभराच्या खाली आल्यावर कानांना विश्वासच बसत नाही, एवढी शांतता वाटते, आणि कुणाच्या तरी तोंडून चुकचुकल्यासारखं निघतं. संपलं? अजून जरा चढला असता तर! काल रात्री ज्या लोकांना वेडं म्हणत होतात त्यांच्यात आता तुम्हीही आहात. मनातल्या मनात तुम्हालाही वाटलं होतं, खोटं बोलू नका.

यंत्र उतरवून पुन्हा तपासायला पाठवलं जाणार आहे, म्हणजे ‘खरंच का?’ विचारणाऱ्यांना उत्तर तयार असेल. ते तपासणीत टिकेल. माणसाने पृष्ठभागावर मोजलेल्या वाऱ्याचा सगळ्यात मोठा वेग म्हणून २३१ हा आकडा कित्येक दशकं पुस्तकात राहील. पुढे १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर ऑलिव्हिया चक्रीवादळात एक यंत्र २५३ मैलांची, म्हणजे ताशी ४०८ किलोमीटरची नोंद करेल. पण तिथे यंत्राजवळ कुणी बसलेलं नव्हतं, आणि जागतिक हवामान संघटनेने तो आकडा मान्य करायला २०१० साल उजाडलं. मांजरं, कॉफी, अंगठा, शंका यांतलं काहीच त्या नोंदीत नाही. पक्षपात म्हणा हवं तर, माझं मत मी इथल्या बाजूने देतो.

परत जायच्या आधी भांडी राहिली आहेत. परवा घासली तीच. घासा, पालथी घाला. बूट वाळलेत का बघा, वाळले नसतील, तसेच घाला. उतरताना खडकांवरची राइमची पिसं अजून आग्नेयेकडे टोक करून आहेत. खाली पिंकहम नॉचला पोचलात की जो डॉजच्या तळावर गरम काहीतरी मिळेल, आणि तिथे ही गोष्ट सांगायला फार शब्द लागणार नाहीत, कारण त्यांना वारा माहीत आहे.

अडचण येईल ती घरी. चहाच्या टेबलावर तुम्ही सांगाल, ताशी ३७२ किलोमीटर, घर साखळीने बांधलेलं होतं, माणूस शिडीवर चढून दांडक्याने बर्फ फोडत होता. काकू बिस्किट चहात बुडवतील, मान डोलावतील, आणि म्हणतील, ‘हो ना, परवा आमच्याकडेही काय वारा सुटला होता! जोशांच्या गच्चीवरचा पत्रा पार आमच्या तुळशीत येऊन पडला.’